फेब्रुवारीतलं सफरचंद

आधी आम्हाला कौतुकच वाटलं :
इल्मो मागून मागून पाणी पितो.
शाळेतून आला की बुटांसकट नळाला तोंड.
रात्री उठायचा, दोनदा, तीनदा.
मग सात वर्षांचा घोडा गादी ओली करायला लागला
आणि मी त्याला रागावले.

पँट घसरायची.
उंच होतोय, म्हणाला वेइक्को,
आणि खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडलं.
आठवड्याने आणखी एक.

कुह्मोत तेव्हा उणे अठ्ठावीस.
तळ्यावरचा बर्फ रात्रभर कण्हत होता.
पलीकडची राइली अंडी द्यायला आली,
चाळीस वर्षं गाईगुरांत गेलेली बाई.
कोचावर पेंगणाऱ्या पोराजवळ वाकली,
आजारी गाईचा हुंगावा
तसा त्याचा श्वास हुंगला.
"सफरचंद दिलंस का गं याला?"

घरात सफरचंद नव्हतं.

तिने कोटाची बटणंही सोडली नाहीत.
"गाडी काढा. कायानीच्या हॉस्पिटलात. आत्ता."
शंभर किलोमीटर मी मागे बसून
त्याला झोपू दिलं नाही.

आता बोट टोचून घेतो, स्वतःच,
आणि आकडा मोठ्याने सांगतो
बसचा नंबर सांगावा तसा.

पट्टा अजून खुंटीला आहे.
वेइक्को तिकडे बघत नाही.
मी बघते.