दक्षिणेचं दार

नकाशावर उत्तर मी सगळ्यात शेवटी काढतो.
आधी भिंती, मग जिना, मग अंगणातली विहीर,
आणि पेन्सिलीला टोक उरलं तर कोपऱ्यात एक बाण.
एकतीस वर्षं हेच करतोय. वारसा यादी,
दर्जा दोन, अनुक्रमांक एकशे चौदा:
महालातली धर्मशाळा, मालकी ट्रस्टची, सध्याचा वापर गोदाम.

त्या दिवशी टेपचं दुसरं टोक दशरथ हेडाऊनं धरलं होतं
आणि तिसरं, म्हणावं तर, विभावरी पाठराबेंनी.
त्यांच्या हातात चिनी होकायंत्र, ताटलीएवढं,
वर लाल दोऱ्याची फुली,
वर्तुळात वर्तुळं, मुंगीच्या पायांएवढी अक्षरं.
ट्रस्टला इथे हॉटेल करायचंय.
वास्तूत पैसा थांबत नाही म्हणे,
म्हणून फेंगशुईवाल्या बाई.

दक्षिणेच्या भिंतीशी त्या थांबल्या.
"इथे दार होतं."

होतं. कमान दिसते अजून, पोटात विटा भरलेली,
घास तोंडात असताना हाक ऐकू आलेल्या माणसासारखी.
टेंभेकरांनी घाईघाईने सांगितलं,
आजोबांनीच बंद केलं, शास्त्रीबुवांच्या शब्दाखातर.
यमाची दिशा. तिकडून आत कोणी येऊ नये.

बाई हसल्या. आमच्या शास्त्रात उलटं आहे, म्हणाल्या.
दक्षिण म्हणजे तांबडा पक्षी, पंख उघडलेला.
राजे तिकडेच तोंड करून बसत.
पाठीशी डोंगर हवा, पुढ्यात वाहतं पाणी.

डोंगर म्हणून सीताबर्डीची टेकडी धरली.
ती जरा पश्चिमेला सरकत होती. चालेल, म्हणाल्या.
पाणी नाग नदीचं.
वाहतं ते, खरंच वाहतं,
मे महिन्यात तर न बघताही कळतं किती जवळून.
टेंभेकरांनी रुमाल काढला
आणि घाम सोडून नाक पुसलं.

सुई मात्र ठरेना.
कमानीत एक जुनी लोखंडी बिजागरी राहून गेलेली,
तिच्याकडे ती सारखी वळून बघत होती,
परक्याच्या लग्नात अवचित दिसलेल्या
ओळखीच्या चेहऱ्याकडे बघावं तशी.

यमही याच दारात, पक्षीही याच दारात.
दोघांची दक्षिणा ट्रस्टच्याच खात्यातून.

"मले तर कोणी विचारा," दशरथ म्हणाला.
"थे दार माह्या आज्यानं बुजवलं.
यम नाही न बिम नाही.
बकऱ्या घुसत होत्या ना बाप्पा,
उतारूंच्या शिदोऱ्या खाऊन टाकत."

थोडा वेळ नुसतं ऊन वाजत राहिलं.

मग, बघू तरी, म्हणून दोन विटा काढल्या.
पातळ, दोन बोटं जाडीच्या, चुना अजून पकडून बसलेला.
वारा आला.
गरम होता, नदीच्या वासाचा होता, पण वारा होता.
चौकीदाराची बायको अंजिरा
तांदळाचं सूप घेऊन आली आणि त्या भोकाशी
पाठ करून बसली, खडे निवडत.
तिला दिशा कोणी सांगितली नव्हती.

सोमवारी समितीचं पत्र: जैसे थे ठेवावे.
मी फोन लावला. जैसे म्हणजे कसे, साहेब?
बकऱ्यांच्या आधीचे, बकऱ्यांनंतरचे,
की दोन विटा कमी असलेले?
पलीकडे कोणीतरी चहा मागवला. फोन ठेवला.

आता रात्र झालीय, कूलर नुसताच घोंघावतोय,
कागद चारी कोपऱ्यांना वजनं ठेवून पसरलाय.
कमान काढली. विटांचे थर मोजून काढले, चौतीस.
दोन विटांची जागा कोरी सोडली.
एकास वीस या प्रमाणात ती फुटाण्याएवढी दिसते.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
वायुवीजन, अंजिराबाईंसाठी.
खोडलं.
नाव वगळून पुन्हा लिहिलं.

उत्तर तेवढं राहिलंय.