टिटवी क्रमांक सतरा

येळ्ळूरच्या शिवारात, नाल्याच्या अंगाला,
मसूर काढून मोकळ्या पडलेल्या तुकड्यात
तिनं चार अंडी घातली होती.
भोवती खड्यांचं कडं:
तीन गारगोट्या, बाकी सगळी खंगर,
उद्यमबागेतल्या भट्ट्यांची,
कुणीतरी बांधाला भर म्हणून ट्रॉलीनं ओतलेली.
अंडं कुठलं आणि खंगर कुठली
मला दहा पावलांवरून सांगता आलं नाही.
तिला येत असावं.

मल्लेशीनं जाळं ओढलं.
पंखाखालची शीर, केसाएवढी सुई.
‘बंतु,’ तो पुटपुटला. आलं.
एक थेंब.
जास्तीची परवानगी नाही, आणि गरजही नाही.
पाखराच्या तांबड्या पेशीत गाभा शाबूत असतो.
आपली पेशी पिकताना तो टाकून देते;
पाखरं सगळी पोथी
रक्तातून उडवत नेतात.

जोडीदार डोक्यावर घिरट्या घालून कोकलत होता.
बांधावरून एक बाई ओरडली,
‘सोड गे तिला! टिटवी रडवलीस
तर घरातलं माणूस जातंय.’
पायात कडी घालून सोडली.
वहीत लिहिलं: सतरा.

बेंगळूरहून सहा आठवड्यांनी फाइल आली.
चौकटींचा नकाशा, निळा आणि तांबडा.
जांबोटीकडच्या टिटव्या बहुतेक निळ्या,
नाल्याकाठच्या तांबड्या.
एका ओळीवर मी अडले.
धातू दिसला की त्याला कवेत धरून ठेवणारं
एक प्रथिन असतं, हा त्याचा जनुक.
एरवी पेंगत बसतो,
कडी वाजली तरच उठतो.
सतराव्या टिटवीत तो झोपलेलाच नव्हता.
आणि त्याच्या खाली
रक्त घडवणाऱ्या ओळी
फिकटत चाललेल्या.

हा जनुक आपल्यातही आहे,
असं मी वर्गात सांगते
आणि पुढची स्लाइड लावते.

अप्पा एकतीस वर्षं उद्यमबागेत साचे भरायला.
आई म्हणायची, ह्यांच्या आंघोळीचं पाणी
कधी नितळ गेलं न्हाई.
हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ,
लहानपणी मला ती
सगळ्यांच्याच बापांना असते असं वाटायचं.
आता हात थरथरतात, म्हणून चहा वाटीत घेतात,
दोन्ही हातांनी.

‘काय म्हणत्यात गे तुझ्या टिटव्या?’
मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.
चष्मा धोतराला पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
‘ही लईच तांबडी. हिचं घर कुठं?’
‘खंगरीत.’
‘मग की,’ म्हणाले,
आणि सदऱ्याची बाही वर केली.
‘माझं बी काढ थेंबभर.’

थेंबात भागत नाही, अप्पा.
माणसाचं नळी भरून लागतं,
वर समितीची सही, दोन भाषांतलं संमतीपत्र,
आणि प्रकल्पाच्या नावात
वन्य पक्षी एवढंच आहे.
यातलं मी काहीच बोलले नाही.
बाही तशीच राहिली, चहा निवेपर्यंत.

दवाखान्यात नेलं, साधी तपासणी केली.
आकडा आला. तो इथं लिहीत नाही.
जनुकाचं कुणी विचारलं नाही,
तिथल्या कागदावर तसा रकानाच नव्हता.

यंदा सतरावी परत आली.
पायात आमची कडी, थोडी झिजलेली.
खंगर नव्यानं वेचलेली. अंडी तीन.
चौथ्याचं मला काही कळलेलं नाही;
मुंगसानं नेलं असेल,
किंवा आलंच नसेल.
अहवालात ‘कारण अज्ञात’ लिहिलं.

काल रात्री उशिरा
एक टिटवी घरावरून ओरडत गेली.
आई अंथरुणात उठून बसली, देवाचं नाव घेऊ लागली.
अप्पा जागेच होते.
अंधारातच म्हणाले,
‘गप गे. तिची ती हाय, सतरावी.
हजेरी लावून चाललीय.’