छाननी

टोलेडोच्या कोर्टात फी भरली की दावा सरळ पुढे जातो.
ज्यांना जमत नाही, त्यांचा आधी माझ्या टेबलावर.

ओडेसा क्रम्ली, वय एकाहत्तर.
रोख: एकोणीस डॉलर.
मालकीची मौल्यवान वस्तू: 'शिवणयंत्र. अडकतं.'
गरिबी मान्य.
आता दुःख कलमात बसतं का, तेवढं बघायचं.

नऊ पानं, जांभळ्या शाईत.
वारलेली बहीण, चर्च, शेजाऱ्याचं कुत्रं…
माझी पेन्सिल खोडत चाललेली.
सातव्या पानावर, समासात,
जणू आत्ता आठवलं म्हणून:
'लिफ्ट मार्चपासून बंद.
चौथ्या मजल्यावरून मी बसून उतरते,
एकेक पायरी.'

नोटीस काढावी, असं टिपण ठेवलं.
न्यायाधीश मानतील, न मानतील.

निघताना बटण दाबलं.
लिफ्टचं दार लगेच उघडलं
आणि माझ्यासाठी
थांबून राहिलं.