खिळ्यांच्या जागा

मनामात वसंत येतो
तेव्हा मी एसीच्या जाळ्या धुतो.
पंधरा दिवस, फार तर वीस.
मग हवा पुन्हा तापते, काचा पुन्हा मिटतात.
पण तेवढ्यात हॉटेलच्या मागच्या दाराशी
चित्रं उतरायला लागतात,
जुन्या चादरींत गुंडाळलेली,
लांबच्या लग्नाहून आलेल्या पाहुण्यांसारखी
जरा अवघडलेली.

आम्ही मूळचे मेस्त्री.
आजोबांनी देवळाचे खांब तासले,
वडिलांनी होड्यांच्या फळ्या जोडल्या,
मी लॉबीत खिळे मारतो.
पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला
की माझं काम संपलं.
चित्रात काय आहे ते बघ
असं कुणी सांगितलं नाही.
बघू नको, असंही नाही.

महिन्याने सगळं उतरवायचं.
मग पुट्टीचा डबा, एकेक भोक बोटाने बुजवायचं,
वर पॉलिश पेपर, वर रंगाचा हात.
सकाळी जीएम साहेब भिंतीवरून नजर फिरवतात,
इथे काही लागलं होतं असं वाटतच नाही, म्हणतात.
ही आमची शाबासकी.
असे चौदा वसंत.

यंदा बद्रिया आल्या, मुहर्रकच्या.
सत्तरी उलटलेली. गुडघे धरून खुर्चीत बसल्या
आणि काठीने भिंत दाखवू लागल्या.
हिंदी बोलतात, जुन्या बाजारातली,
माझ्या हिंदीपेक्षा बरी.
चित्र एकच, पण दोघांनी उचलावं एवढं:
निळं, नुसतं निळं,
आणि त्यात एक दोर, वरून खाली गेलेला.
खाली माणूस नाही.
म्हटलं, बाई, अर्धं राहिलंय का?
हसल्या.
बाप मोत्यांसाठी बुडी मारायचा, म्हणाल्या,
त्याच्या गोष्टी सगळे सांगतात.
दोर ज्याच्या हातात, तो वर बोटीत.
सैब म्हणायचे त्याला.
त्याचं नाव मी घरात कधी ऐकलं नाही.

मी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये.
झालं, म्हटलं.
नाही, म्हणाल्या, डावीकडून उतरव थोडं.
अजून.
अजून बोटभर.
बोट काय समुद्रात सरळ उभी राहते?

चौदा वर्षांत पहिल्यांदा
मी बुडबुडा सरकू दिला.
हात ऐकत नव्हता.

त्याच संध्याकाळी, त्याच लॉबीत
(एकच केक, एकच माईक, खर्च वाचतो)
आमच्या टीमचा सत्कार.
रिसेप्शनच्या रोवेनाला पाच वर्षं, चांदीचा बिल्ला.
लाँड्रीच्या शफीकुलला दहा, मनगटी घड्याळ;
त्याने तिथेच कानाला लावून पाहिलं.
मग साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला:
पंधरा वर्षं, मेंटेनन्स,
अंकुश मिस्टरी.
सगळे हसले. मीही.
सोनेरी बिल्ला टोचताना
साहेबांनी माझा खिसा थोडा फाडला,
सॉरी म्हणाले, मनापासून.

फोटोसाठी सगळ्यांना निळ्या चित्रापुढे उभं केलं.
उंच माणसं मागे.
मी मागे.

रात्री खोलीवर आलो.
शफीकुल पलंगावर घड्याळ काढून, घालून बघत होता.
फोटो घरी पाठवला.
बरोबर जिथे दोर संपतो
तिथे माझं डोकं आलेलं.
त्याआधी ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिकडे साडेबारा वाजून गेलेले,
तरी सुगंधाचा निरोप आला:
शर्ट इस्त्रीचा दिसतोय. केकला अंडं होतं का?
आज सोमवार.

मग थोड्या वेळाने दुसरा:
फोटो छान. फक्त मागचं चित्र
वाकडं लागलंय.
कुणी लावलं?

मी लिहिलं,
मी.