जवळ उभी होती तिच्या नावे

पाथर्डी फाट्याचं मैदान, जानेवारीतली सकाळ,
अंगात दोन स्वेटर, मी टेबलाशी.
पेन्सिल, खोडरबर,
थर्मासचं झाकण तोच कप.
पांडवलेणीचा डोंगर अजून धुक्यात
आणि हायवेवरून द्राक्षांच्या क्रेटचे ट्रक.

सहावी इनिंग. एक बाद.
दुसऱ्या बेसवर निशिगंधा लभडे,
बॅटिंगला तिचीच बाकसोबतीण अल्फिया.
दोघी येतात एकाच रिक्षातून
आणि भांडतात खिडकीकडच्या बाजूवरून,
रिक्षाला खिडकी नसली तरी.

अल्फियानं मारला.
जमिनीलगत, कडक, शॉर्टस्टॉपच्या रोखानं.
निशिगंधा तिसऱ्या बेसकडे निघालेली,
मान खाली, वेणी हवेत,
आणि चेंडू तिच्या पोटरीवर.
ओल्या गोधडीवर धोपाटणं पडावं
तसा आवाज.

पंचांचे दोन्ही हात वर. खेळ थांबला.
मग मूठ तिच्याकडे : बाद.
आणि अल्फियाला : जा, पहिला बेस तुझा.

पंच बोलत नाहीत, म्हणून बाप माझ्याकडे आला.
अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट,
बोटांना अजून ग्रीस.
"लागलं माझ्या पोरीला, अन् बाद पण तीच?
मारणारीला वर बक्षीस?"

म्हटलं, बसा.
चेंडू अजून कुठल्याच इनफिल्डरला ओलांडून गेला नव्हता.
तो अडवायचा हक्क त्यांचा, हिनं तो मधेच अडवला.
मुद्दाम की नकळत, नियम विचारत नाही.
आधी फिल्डरच्या ग्लोव्हला शिवून मग लागला असता, तर चाललं असतं.
फिल्डरच्या पायांतून निसटून मागे लागला असता,
आणि तिच्यामागे अडवायला दुसरी कुणी नसती,
तरी चाललं असतं.
रेषेबाहेर लागला असता तर नुसता फाउल.
"आणि बेसवर पाय ठेवून उभी असती तर?"
तरी बाद.
"मग बेसला सुरक्षित कशाला म्हणता?"

मी त्यांना चहा दिला.
कप एकच होता, मी थांबलो.

ते गेले, आणि माझं खरं काम सुरू झालं.
अल्फियाच्या चौकटीत एक हिट.
निशिगंधाच्या चौकटीत बाद.
पण बाद केली कोणी?
कुणीच नाही. तरी रकाना कोरा ठेवता येत नाही.
जवळ जी उभी असेल, तिच्या नावे बळी.
मी सहाचा आकडा लिहिला :
शॉर्टस्टॉप, ओझरची चैताली निरगुडे,
जिचा ग्लोव्ह गुडघ्यावरून हललाही नव्हता.

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी छापलेले कागद तपासले.
शाई सांडली की कागद रद्द.
सांडणाऱ्याला मेमो मिळे, कधी मिळतही नसे,
कागद मात्र रद्दच.
आणि संध्याकाळी बेरीज जुळलीच पाहिजे,
रद्द धरून.

इनिंग संपल्यावर चैताली टेबलाशी आली,
वहीत उलटं वाचू लागली.
"काका, हे माझं नाही. मी काहीच केलं नाही."
नियम आहे, बाळा.
"म्हणजे खोडणार नाही?"
नाही.
तिनं ग्लोव्हची नाडी दातात धरून विचार केला.
"मग घरी सांगू का नको?"
याला कलम नाही, म्हणालो.

उन्हं आली. सामना कोण जिंकलं
ते वहीत आहे.
मी टेबलाच्या घड्या घालत होतो,
तर रिक्षा समोरच उभी :
निशिगंधाचा पाय अल्फियाच्या मांडीवर,
अल्फिया पाण्याची गार बाटली धरून,
दोघी पुन्हा भांडताहेत,
"तू बघून मारायचास"
"तू बघून पळायचंस".

पोटरीवर चेंडूची शिवण उमटलेली,
टाका न् टाका मोजता येईल अशी.
डोळ्यांची सवय जात नाही,
मी खाली वाकून पाहिलं.
कुठे फाटलेला नाही, कुठे सरकलेला नाही.
इतका साफ ठसा
मी पास केला असता.