सहा वर्षं, दहा महिने

मुंजाजी म्हणाले, पोटात दुखलं आन् गेली.
कधी?
पहाटं.
आता दहा वाजलेत. दुधनेच्या काठी सरण रचून झालंय,
तिरडीच्या सुतळीला शेवटची गाठ बसलीय,
आणि मला हे आत्ता कळतंय.

पाटीलताई, आमची म्हातारी मेली तवा
कुठं इचारायला आलता तुमी?

खरंय. म्हातारी नव्वदीची,
खाटेवर, नातवाच्या हातचं पाणी पिऊन गेली.
तिला ग्रामपंचायतीची वही पुरते.
विहिरीतला, विजेचा, पान लागलेला,
मोटारीच्या तारेला चिकटलेला,
वाळूत सापडलेला, ज्याला कुणी ओळखत नाही तो,
यांच्यासाठी ठाण्याची वही.
आणि लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत
अशी एका रात्रीत गेलेली सून,
तिच्यासाठी तहसीलदार उठून येतो.
कायद्याचं नाव बदललं, कलमाचा आकडा बदलला.
सात तेवढे तसेच ठेवलेत.

झाली की सात, मुंजाजी म्हणाले. आठवं लागलंय.
भावकीनं माना हलवल्या.

मी घरी आले.
रेशन कार्डाच्या पिशवीत, विजेच्या बिलांखाली
पत्रिका होती. मला पत्रिका टाकवत नाहीत,
पाठ कोरी असते, किराणा लिहायला बरी.
वर गणपती, कोपऱ्यात हळदीचं बोट,
चि. सौ. कां. शिवकांता,
शुक्रवार, चार मे, दुपारी बारा पस्तीस.
मागं माझंच अक्षर: साखर दोन किलो, चहापत्ती, नीळ.
बोटांवर मोजलं. मग कॅलेंडर काढून मोजलं.
सहा वर्षं, दहा महिने, सात दिवस.

फोन कानाला लावला तशी मुंजाजींची बायको ओरडली,
हिच्या बापाचं काय जातंय!
काहीच नाही.
मी कुणाचं नाव घेतलं नाही.
काय झालं ते मला माहीत नाही,
आणि माहीत नाही, एवढंच मला कळवायचं असतं.

तहसीलदार पोरगेलाच होता. पंच पाच हवेत म्हणाला.
चार मिळाले. पाचव्या वेळी सगळ्या गावाला
एकदम गव्हाची मळणी आठवली.
शेवटी शाळेचा शिपाई उभा राहिला.
लुगडं पोपटी. केस मोकळे. तोंड पूर्वेला.
डाव्या हातात हिरव्या बांगड्या सहा,
उजव्या हातात पाच.
तिथं पेन जरा थांबलं. मग पुढं गेलं.

मानवतहून आई आली, जीपमधून, पदर दातात धरून.
रडली नाही. काय लिहिलं, वाचा म्हणाली.
मी वाचलं. बांगड्यांपाशी तिनं हात वर केला.
परत वाचा.
मी परत वाचलं.
सहा-सहा भरल्या होत्या, म्हणाली. संक्रांतीला. मीच.

प्रेत सेलूला गेलं, सेलूहून आईबरोबर मानवतला.
बाटल्या संभाजीनगरला गेल्या.
त्यांचा कागद अजून यायचाय.
मुंजाजींच्या गल्लीतून गेले की
दारातला पाण्याचा तांब्या आत जातो.

सरण तसंच राहिलं, बाभळीचं, चांगलं वाळलेलं.
तिसऱ्या दिवशी होळी होती.
पोरांना लाकडं कमी पडली.
नदीवर जाऊन त्या ढिगापाशी उभी राहिली
आणि वळून माझ्याकडं बघायला लागली.

ह्याचं कलम मला येत नाही.