बावीस नंबर

आमच्या मैदानावर गवत नाही.
पोवळ्यांची पांढरी वाळू, एका कडेला भरती,
दुसऱ्या कडेला कुठल्याशा लढाईतली गंजकी तोफ.
तिला चेंडू लागला तर थ्रो-इन,
हा आमचा नियम. जगाला माहीत नाही.

वाळूत चेंडू पडतो तिथेच बसतो,
दमलेल्या म्हाताऱ्यासारखा.
त्याला उठवून न्यावं लागतं.
म्हणून आमच्या पोटऱ्या अशा,
जाळ्याच्या दोरासारख्या पिळलेल्या.

आमचा कोच इओआने दिवसा कस्टमच्या खिडकीत शिक्के मारतो.
तोही कधी गवतावर खेळला नव्हता,
पण वहीत काढून दाखवायचा,
हिरव्या पेनाने उभ्या उभ्या रेघा.
"हे असं असेल. यावर चेंडू थांबत नाही.
तुम्हीही थांबू नका."

बुटांचे अठरा जोड आले, पोरी बावीस.
मला ताबेइयाच्या बहिणीचे मिळाले, एक माप मोठे,
पुढे नारळाचा काथ्या कोंबून.
आईने ते चटईवर चढू दिले नाहीत.
रात्रभर मचाणाखाली
कोंबड्यांच्या शेजारी झोपले.

विमानाच्या खिडकीतून तारावा पाहिलं.
कुणी बसल्या बसल्या नख कापावं
आणि पाण्यात टाकून द्यावं, तेवढं.
"एवढंच?" कॅप्टन तेराओई म्हणाली.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
आकेनेते मावशीने पिशवी उघडली
आणि उकडलेला नीरफणस वाटायला घेतला.

नांदी नावाच्या गावी बस थांबली.

गवत.

बावीस जणी ओळीत उभ्या, चर्चमध्ये असतो तशा.
आधी रोतीने बूट काढले, मग सगळ्यांनीच.
ओलं होतं. टोचत नव्हतं. त्याला वास होता,
आणि तो कशासारखा आहे
हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.
मारितिनाने एक पातं तोडून चावलं.
म्हणाली, "गोड. थोडं."
पलीकडे तो दुसरा संघ सराव करत होता.
हसल्या असतील. हसू देत.

आमचं नाव लिहितात किरिबाटी, म्हणतात किरिबास.
माइकवाल्याने लिहिलंय तसं पुकारलं.
आम्ही बसूनच राहिलो, कुणा दुसऱ्यांना बोलावतायत वाटून.

अर्ध्या वेळेला सहा-शून्य.
चेंडू पडेल तिथे आम्ही धावायचो
आणि तो तिथून केव्हाच निघून गेलेला असायचा.

साठाव्या मिनिटाला मारितिनाचा खांदा निखळला.
इओआनेने बाकाकडे पाहिलं.
बाकावर हातमोजे घातलेली मी एकटीच.
काथ्या नीट दाबला, आणि गेले.

तीन खाल्ले. लपवत नाही, तीन.
चौथा अडवला.
अडवला म्हणजे काय, तो अंगावर आला,
बरगडीला लागून खाली पडला
आणि माझ्या पायाशी थांबला.
अगदी आपल्या वाळूतल्यासारखा.
गोलच्या तोंडाशी गवत झिजून गेलं होतं,
परातीएवढी उघडी माती.
मी तिथेच उभी राहिले, त्याच्याकडे बघत.
"मार ना!" तेराओई ओरडली. मारला.

मग एक कॉर्नर मिळाला आम्हाला.
त्याचं काही झालं नाही.

परतताना बूट वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवले,
खिळ्यांमध्ये अडकलं होतं ते तसंच ठेवून.
विमानतळावर खिडकीत इओआनेचा जोडीदार.
"माती? बी? झाडपाला?"
हाच प्रश्न इओआने स्वतः विचारतो
दर विमानाला, प्रत्येकाला, बिशपनासुद्धा.
मी त्याच्याकडे पाहिलं.

तो खाली वाकला होता, नाडी बांधायला.

त्याच्या पायात चपला होत्या.